लाइन तोडू नका

युद्ध कसं संपलं असं कुणालाही विचारा, जो तो छातीठोकपणे काहीतरी सांगेल. कुणी म्हणेल दारूगोळा संपला, कुणी म्हणेल धान्य संपलं, कुणी म्हणेल मोठ्या साहेबांना पहाटे स्वप्न पडलं. सांगू द्या. ज्या तळघरात ते संपलं तिथे तीनच माणसं होती. त्यांतली काकू आजही त्या दुपारबद्दल बोलायला लागली की आवाज आपोआप खाली आणते, शेजारी तान्हं मूल झोपलेलं असावं तसा.

काकू म्हणजे राजधानीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली सगळ्यात जुनी ऑपरेटर. सगळे तिला काकूच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. फक्त शेजारच्या खुर्चीवर बसणारी तिची सख्खी नणंद तिला वहिनी म्हणे, तेही तोंड फुगलेलं नसेल तेव्हा. दोघींच्या मागे टेबल टाकून त्यांचे साहेब बसत. त्यांचं नाव पडलं होतं हुंकार. रजा मागा, हुं. छत गळतंय सांगा, हुं. आपलं अर्धं आयुष्य या हुंचे अर्थ लावण्यात गेलं, असं नणंद म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं.

काम समजायला सोपं आहे. पुढ्यात उभी फळी, फळीवर भोकांच्या रांगा, एकेक भोक म्हणजे एकेक गाव. हाताशी दोऱ्या. दोरीचं टोक भोकात खुपसलं की गाव जोडलं गेलं. प्रत्येक दोरीखाली एक खटका. खटका वर असेल तर तिकडचा माणूस नुसता ताटकळत थांबलेला, खाली पाडला की तो बोलण्यात सामील.

शांततेच्या काळात या एक्स्चेंजची एक रीत होती. कुणाच्या घरी वाईट बातमी गेली की गावोगावचे नातेवाईक त्या एकाच घराला फोन लावायचे. ऑपरेटर सगळ्यांना रांगेत थोपवून एकेकाला आत सोडायची. पण कधी कधी त्या घरातला माणूस बोलता बोलता गप्प व्हायचा. रिसीव्हर कानाशी, आणि तोंडातून शब्द नाही. अशा वेळी जुन्या बायका रांगेतले सगळे खटके एकदम पाडायच्या आणि सांगायच्या, "बोलू नका हवं तर. आम्ही आहोत लाइनवर." मग चुलता खाकरायचा, मावशी नाक ओढायची, कुणी नुसतं हं हं करायचं, आणि त्या गप्प झालेल्या माणसाला कळायचं की आपण एकटे नाही. याला त्या बायका गोतावळा म्हणत. नियमांच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. काकूला ते तिच्या आधीच्या बाईने शिकवलं, काकूने नणंदेला. इतकं अंगवळणी पडलेलं की पलीकडचा माणूस गप्प झाला की बोटं विचारायला थांबत नसत.

युद्ध आलं आणि गोतावळा बंद झाला. एक्स्चेंज तळघरात गेलं. चार आघाड्या, चार सेनापती, चार लाइनी. मोठ्या साहेबांचा, म्हणजे देशाच्या प्रमुखांचा, सक्त हुकूम होता की सेनापतींची आपसात गाठ घालून द्यायची नाही. जे काही बोलायचं ते साहेबांशी, एकट्याने. चौघे एकत्र आले तर आपल्याच खुर्चीला हात घालतील ही त्यांना धास्ती. बॉम्बगोळ्यांनी तारा सारख्या कुरकुरत, म्हणून लाइन ठीक आहे ना हे बघायला ऑपरेटरने कान लावून बसायचं. त्यामुळे सगळं युद्ध या नणंद-भावजयींच्या कानातून गेलं. तोंडाला मात्र कुलूप.

सेनापतींची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण नावं ठेवल्याशिवाय कसं चालेल. उत्तरेचा तो ढोल, साध्या होकारालाही दणका देणारा. डोंगराचा खोकलेबुवा. नदीकाठचा मास्तर, प्रत्येक वाक्य दोनदा समजावून सांगणारा. आणि बंदराचे जावईबापू. ते खरोखरच मोठ्या साहेबांचे जावई होते, त्यामुळे तिथे नवं नाव शोधायचे कष्ट पडले नाहीत.

बंदराची लाइन लावताना काकूचा हात दर वेळी किंचित ओला व्हायचा. कारण बंदरावर टेलिफोन उचलायला बसवला होता तिचा एकुलता एक मुलगा, बारक्या. लहानपणी याच एक्स्चेंजमध्ये टेबलाखाली खेळला, हुंकाराची नक्कल करून सगळ्यांना हसवलं, आणि तारा जोडायला शिकला म्हणून सैन्याने नेमका बंदरावर टाकला. लाइनवर खाजगी शब्द बोलायला बंदी. सुरुवातीला एकदा तो चुकून "आई" म्हणाला, तेव्हा हुंकाराने असं हुं केलं की नणंदेने लगेच अर्थ सांगितला: पुन्हा झालं तर पोराला खंदकात धाडतील. तेव्हापासून तो म्हणे, "बंदर, बोला." ती म्हणे, "राजधानी." बस. पण त्या दोन शब्दांतून आईला सगळं कळायचं. सर्दी झालीय, झोप नाही, आज पोटभर जेवलाय. घरी जाताना ती नणंदेला सांगायची आणि नणंद म्हणायची, "वहिनी, तुला दोन शब्दांत एवढं कळतं, आणि मी तासभर बडबडते ते मेलं तुझ्या डोक्यावरून जातं." मग दोघी हसायच्या.

त्या दुपारी मोठ्या साहेबांनी चौघांनाही बोलावलं. तारा इतक्या तुटत होत्या की एकदा हाती लागलेली लाइन पुन्हा लागेल याचा भरवसा नव्हता. म्हणून काकूने आधी चौघांना जोडून घेतलं, खटके वर ठेवले आणि एकेकाला आत सोडायला लागली. बंदराला नेहमीसारखंच झालं. "बंदर, बोला." "राजधानी. सेनापतींना द्या." "देतो." आवाज बसलेला होता पोराचा. धूर गेला असणार घशात.

पहिला ढोल. "उत्तर भक्कम आहे, साहेब. डोंगर ढळला नाही म्हणजे झालं."

"डोंगर ढळणार नाही," मोठे साहेब म्हणाले. "हुकूम ऐका. आज अंधार पडताना चारही आघाड्यांनी एकदम बाहेर पडायचं. मागे कुणाला ठेवायचं नाही. आचारी, न्हावी, टेलिफोनवाले, बंदूक उचलता येते तो प्रत्येक जण. परत यायचा विचार करायचा नाही."

तिने वळून नणंदेकडे पाहिलं. नणंदेच्याही कानावर हेडफोन होता, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ढोल "जी साहेब" म्हणाला. खोकलेबुवा म्हणाले, डोंगर शाबूत आहे, नदीचा पूल तेवढा हातचा जाऊ नये. मास्तर म्हणाले, पूल आपल्याकडे आहे, आपल्याकडेच आहे, बंदरातून माल येत राहायला हवा. तिघांनी हुकूम घेतला, आणि काकूने त्यांचे खटके पुन्हा वर केले. राहिलं बंदर.

नणंद खुर्ची सरकवून जवळ आली. "वहिनी, बंदराची लाइन गेली म्हणून सांग. रोज जातेच की. कुणाला कळतंय?"

दोरी तर समोरच होती. एवढीशी ओढली असती की बंदराला हुकूम पोचला नसता आणि बारक्या संध्याकाळी टेलिफोनपाशीच बसून राहिला असता. काकूने दोरीला हातही लावला. हे ती कुणापासून लपवत नाही. पण उरलेल्या तीन आघाड्यांवर कुणाकुणाचे बारके होते. आणि उभ्या आयुष्यात तिने चालू लाइन कधी तोडलेली नव्हती. ते धैर्य होतं की नुसती सवय, ते तिला आजवर सांगता आलेलं नाही. तिने बंदराचा खटका खाली पाडला.

"जावईबापू, हुकूम ऐका," मोठे साहेब म्हणाले, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. आचारी, न्हावी, टेलिफोनवाले.

पलीकडून उत्तर आलं नाही.

"ऐकू येतंय ना?"

लाइन चालू होती. मागे गोळे पडल्याचे आवाज येत होते, आणि त्याच्या अलीकडे, अगदी रिसीव्हरजवळ, एक माणूस तोंडावर हात दाबून धरून रडत होता. मोठ्या साहेबांना ते कळलं नसेलही. काकूला कळलं. असे रिसीव्हर तिने हजारदा ऐकले होते.

आणि तिची बोटं विचारायला थांबली नाहीत. तिने तिन्ही खटके एकदम खाली पाडले आणि म्हणाली, "बोलू नका हवं तर. आम्ही आहोत लाइनवर."

म्हणून झाल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हुंकार उठून आला आणि खटके वर करायला त्याने हात पुढे केला. नणंदेने तो मनगटाशी धरला. तेवढ्यात लाइनवर कुणीतरी खोकलं.

"कोण खोकलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"डोंगर," ढोल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच दणक्याशिवाय आला. "तो खोकला मी कुठेही ओळखीन. एका बराकीत होतो आम्ही. अरे, तू इथे कसा? आणि रडतंय कोण?"

"मीही आहे," मास्तर म्हणाले. "नदी आहे."

"लाइन बंद करा," मोठे साहेब म्हणाले. पण ढोलाने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तीन वर्षांत त्याला आपल्या बरोबरीच्या माणसाचा आवाज ऐकू आला नव्हता.

"एवढंच सांग," तो खोकलेबुवांना म्हणाला. "तुझा डोंगर उभा आहे ना? त्याच्या जोरावर मी इथे पोरांना धरून ठेवलंय."

खोकलेबुवा बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "डोंगर कधीच गेला रे. मी पायथ्याच्या शाळेत बसलोय. उरलेली माणसं चार वर्गांत मावली. मी म्हटलं, मास्तरकडे पूल आहे, मागून मदत येईल, तोवर रेटू."

"पूल आम्हीच उडवला," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांनी वाक्य दोनदा सांगितलं नाही. "मला वाटलं, बंदर चालू आहे."

"बंदरात बुडालेल्या बोटी आहेत," जावईबापू म्हणाले. रडून आवाज घोगरा झाला होता. "मी उत्तरेच्या आशेवर होतो."

"उत्तरेत काही नाही," ढोल म्हणाला. "माझ्याकडे नुसता आवाज आहे."

हुंकाराचा हात नणंदेने केव्हाच सोडला होता, पण तो खटक्यांपर्यंत गेला नाही. तिथेच लोंबकळत राहिला.

मग लाइनवर शांतता पसरली. काकूने आयुष्यभर माणसांचं गप्प होणं ऐकलं होतं. आई गेल्यावरचं, पोर सापडत नसतानाचं, लग्न मोडल्यावरचं. पण हे वेगळं होतं. इथे अख्खा देश रिसीव्हर कानाशी धरून गप्प झाला होता. चार कोपऱ्यांतले चार सेनापती नुसते श्वास घेत होते आणि त्या श्वासांमागे पोरं होती, शेतं होती, शहरं होती, आणि ते सगळं तिच्या बोटांखालच्या चार खटक्यांना टेकलं होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतक्या मोठ्या गोष्टीच्या इतक्या जवळ बसायची आपली लायकी नाही, असं तिला वाटलं. उठून उभं राहावं असंही वाटलं, आणि ती खरंच उठून उभी राहिली. नणंदही राहिली.

"मग इतके दिवस आपण उभे कशावर होतो?" मोठ्या साहेबांनी विचारलं. चौकाचौकांतल्या कर्ण्यांतून गरजणारा आवाज तो, आता एखाद्या आजोबांनी चष्मा हरवल्यावर विचारावं तसा येत होता.

"एकमेकांच्या थापांवर, साहेब," खोकलेबुवा म्हणाले.

"जावईबापू, तुमच्याकडे किती माणसं आहेत?"

"माणसं नाहीत, बाबा. पोरं आहेत. टेलिफोनवाला तर..."

टक् असा आवाज झाला आणि बंदराची लाइन गेली.

नणंदेने ती दोरी काढून पुन्हा खुपसली, पुन्हा पुन्हा घंटा दिली. तिकडे काहीच वाजत नव्हतं. हुकूम तर बंदरावर पोचलेला होता, आणि तळघराच्या झरोक्यातलं ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलं होतं.

"बाई," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी ऑपरेटरशी बोलायची ही पहिलीच वेळ. "हे खटके तुम्ही पाडलेत?"

"हो साहेब."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. माणूस लाइनवर गप्प झाला तर आम्ही त्याला एकटं ठेवत नाही. आमच्याकडची जुनी रीत आहे."

आता काय होतंय, फासावर देतात की खंदकात धाडतात, या विचाराने नणंदेने डोळेच मिटून घेतले. तिकडून मात्र नुसता एक सुस्कारा आला.

"मग मीही थोडा वेळ गप्प बसणार आहे," मोठे साहेब म्हणाले. "लाइन तोडू नका."

किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. ढोलाने एकदा घसा साफ केला. खोकलेबुवांना ढास लागली ती त्यांनी दाबली नाही. मास्तर हं म्हणाले, नुसतंच. काकूला जुन्या गोतावळ्यातले चुलते आणि मावश्या आठवल्या. अगदी तसंच चाललं होतं सगळं. देशाचा मालक म्हणवणारा तो माणूस आपल्या घरच्या वाईट बातमीपाशी बसला होता आणि तीन जण त्याच्यासोबत होते.

"सरहद्दीपलीकडची लाइन लागेल?" शेवटी त्यांनी विचारलं. "त्यांच्या राजधानीची?"

फळीच्या कोपऱ्यात ते भोक होतं. युद्ध सुरू झालं त्या दिवशी हुंकाराने स्वतः त्यावर कागद चिकटवला होता. काकूने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नखाने कागदाचा कोपरा उचलला आणि सोलून काढला. काकूने दोरी खुपसून घंटा दिली. तिला वाटलं, तिकडे कोण असणार, इतक्या वर्षांत तार गंजून गेली असेल.

एकच घंटा वाजली.

"बोला," पलीकडे एक बाई म्हणाली. "मी आहे लाइनवर."

तीच रीत, तेच शब्द. एकेकाळी दोन्ही एक्स्चेंजांचा मिळून गोतावळा व्हायचा. काकूला एकदम हुंदका आला. "तुम्ही बसून होतात?"

"रोज ही लाइन तपासत होते," ती बाई म्हणाली. "फार वेळ लावलात हो."

मग तिने तिचे साहेब दिले आणि काकूने इकडचे. दोन म्हातारे काय बोलले ते काकू सांगत नाही. इतकंच सांगते की आमच्या साहेबांनी अटी विचारायच्या आधी म्हटलं, "आम्ही हरलो," आणि तिकडचा माणूस लगेच काही बोलला नाही. त्याच्या खोलीतही कुणीतरी रडत होतं.

हुकूम निघाला: शस्त्रं खाली ठेवा, जागेवर थांबा, युद्ध संपलं. उत्तर, डोंगर आणि नदी तर लाइनवरच होती. बंदर तेवढं लागत नव्हतं. नणंद घंटा देऊन देऊन रडकुंडीला आली. झरोक्यातलं ऊन आता छताला टेकलं होतं. काकूने तिच्या हातून दोरी घेतली. पोरगा तार शोधायला बाहेर पडला असेल, असं ती स्वतःला सांगत होती. तार तुटली की जोडायला तोच जातो, गोळे पडत असले तरी. तो जोडणारच. तिने घंटा दिली. पुन्हा दिली. झरोक्यातला उजेड लाल झाला.

फळीवर बंदराचा दिवा लुकलुकला.

"बंदर, बोला." धापा टाकत होता तो.

जिवात जीव आला, पण काकूने एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्याच्यामागे हजारो पोरं बंदुका घेऊन उभी असणार हे तिला माहीत होतं. "राजधानी. हुकूम घ्या. शस्त्रं खाली ठेवा. जागेवर थांबा. युद्ध संपलं. परत म्हणून दाखवा."

नियमाप्रमाणे तो म्हणायला लागला. "शस्त्रं खाली ठेवा." मध्येच तोंड वळवून त्याने कुणाला तरी तेच ओरडून सांगितलं, आणि ते ओरडणं पुढे पुढे जात लांब गेल्याचं ऐकू आलं. "जागेवर थांबा." मग म्हणाला, "युद्ध..." आणि पुढे काही आलंच नाही.

लाइन चालू होती. मागे एकही गोळा पडत नव्हता.

"बोलू नकोस हवं तर," काकू म्हणाली. "आम्ही आहोत लाइनवर."

बऱ्याच वेळाने पोराने नाक ओढलं. "आत्यापण आहे?"

"आहे रे बाबा, इथेच आहे," नणंद म्हणाली.

"आणि ते हुं वाले?"

दोघींनी मागे वळून पाहिलं. त्या माणसाने टेबलावरचा जादा हेडफोन उचलून दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. आता हुं म्हणेल, असं त्यांना वाटलं.

"आहे," तो म्हणाला. "मीही आहे, बाळा."